थोरलीची सरळ, धाकटीची चढती

"उज्जू, मला असलं दे की मी मेले की सगळं संपलं पायजे," थोरल्या काकू म्हणाल्या. "मागं एक पैसा उरला न्हाय पायजे. कुणाला म्हंजे कुणालाच."

त्यांचा मुलगा विलास समोरच्याच खुर्चीत बसला होता. त्यानं चहाचा कप बशीत ठेवायला म्हणून खाली नेला आणि तो माझ्या नव्या टेबलक्लॉथवर ठेवला.

"आई, असं काय बोलतेस?"

"तुला काय बोलले व्हय? मी उज्जूला बोलतीय."

मी तेव्हा विम्याची एजंट होते. आमच्या कराडच्या घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस. त्या दिवशी त्या खोलीत पिसाळांच्या दोन जावा आणि त्यांचे दोन मुलगे असे चौघं बसले होते. थोरल्या काकू म्हणजे अनुसयाबाई, सत्तरीच्या. धाकट्या काकू म्हणजे शेवंताबाई, नऊएक वर्षांनी लहान. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते लवकर गेले, आणि मग या दोघींनी स्टँडामागची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप पस्तीस वर्षं चालवलं. गिरणीच्या धडधडीत बोलून बोलून दोघींचे आवाज असे झाले होते की त्यांनी कुजबुज केली तरी शेजारच्या घरातलं मूल उठावं.

आणि त्या भांडायच्या. रोज भांडायच्या. पिठाच्या जाडीवरून, पंख्याच्या वेगावरून, पायलीत राहिलेल्या चिमूटभर बेसनावरून. गावात ते एवढं माहीत होतं की घरात मिक्सर असलेल्या बायकासुद्धा मसाला पिसाळांकडेच कांडायला आणायच्या. मसाला कांडून व्हायचा आणि करमणूकही व्हायची.

त्या वर्षी स्टँडामागची ती जागा, गिरणीमागच्या राहत्या खोल्यांसकट, एका सराफानं विकत घेतली. पैसे निम्मेनिम्मे होऊन दोघींच्या खात्यात जमा झाले. मुलांनी लगेच आपापसांत ठरवून टाकलं. विलास पुण्याला एका कारखान्यात होता. तो थोरल्या काकूंना हडपसरच्या फ्लॅटवर नेणार. धाकट्या काकूंचा दिगंबर कोल्हापूरला खोदाईची कंत्राटं घ्यायचा. तो त्यांना तिकडे नेणार. पैसे अर्थातच ज्याच्या त्याच्या आईबरोबर जाणार. विलासच्या डोक्यात फ्लॅटचं कर्ज होतं आणि दिगूच्या डोक्यात जेसीबी. पण त्याहून मोठी गोष्ट दोघांनी मला आधल्या दिवशी फोनवर सांगितली होती.

"ताई, पस्तीस वर्षं या दोघींनी एकमेकींना सोसलंय," विलास म्हणाला होता. "आता तरी सुटका व्हायला नको का? तुम्ही असलं काहीतरी दाखवा की व्याजही येईल आणि लागलं तर मुद्दलही काढता येईल."

तो मनापासून बोलत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मी कागद पसरले आणि समजावायला सुरुवात केली. एकरकमी पैसे भरायचे आणि आयुष्यभर दर महिन्याला पेन्शन घ्यायची, असे प्रकार आमच्या कंपनीत बरेच होते. पहिला सरळ. माणूस आहे तोवर मोठी पेन्शन, माणूस गेला की बंद, वारसाला काही नाही. दुसरा चढता. सुरुवात लहान, पण दर वर्षी थोडी थोडी वाढ. तिसऱ्यात पेन्शन कमी, पण माणूस गेल्यावर भरलेली रक्कम वारसाला परत.

"तिसरा चांगला आहे," विलास आणि दिगू एकदम म्हणाले.

"मला पयला," थोरल्या काकू म्हणाल्या. "समदं खाऊन जाणार मी. बदाम खाणार. रिक्षातनं फिरणार."

"खा की," धाकट्या काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. त्या थोरल्या काकूंशी बोलायच्या तेव्हा नेहमी भिंतीकडे, खिडकीकडे नाहीतर वर बघून बोलायच्या. "दात कुठं हायत बदाम खायला?"

"तू तुझं बघ, शेवंते."

"बघतीयच की. उज्जू, मला ती चढती दे. दरसाल वाढणारी. मला अजून पंचवीस वर्षं जगायचंय. बाई बदाम खाऊन झोपल्या की माझी चढतच असंल."

"ऐकलंस? माझ्या मरणावर टपलीय!"

"मी तुमचं नाव तरी घेतलं का, बाई?"

"आई, मोठी आई, जरा थांबा," दिगूनं हात मधे घातला. "ताई, दोघींची मिळून एकच घेता येत नाही का? म्हणजे एक गेली की दुसरीला चालू, असं?"

"जोडपेन्शन असते," मी म्हणाले, "पण ती नवरा-बायकोला मिळते, आई-मुलाला मिळते. आमच्या नियमात जावा बसत नाहीत."

"देवाची कृपा," धाकट्या काकू म्हणाल्या.

"तुझ्याबरोबर जोडून घेण्यापेक्षा मी पैसे कोयनेत सोडीन," थोरल्या काकू म्हणाल्या.

मग जे सुरू झालं त्यात आम्हा तिघांना शिरायला जागाच नव्हती. सासूच्या आजारपणातली सुपारी निघाली. कुणाच्या तरी बारशाचं झबलं निघालं. गिरणीचा पट्टा कुणाच्या हलगर्जीपणामुळे तुटला, यावर दोघींनी दोन साक्षीदार उभे केले, दोन्ही मयत. विलासनं तीनदा "आई, मुद्दलाचं काय?" असं म्हणून बघितलं. तिन्ही वेळा दोघींनी एकदम त्याच्याकडे वळून "तू गप!" म्हटलं. एवढी एकच गोष्ट त्या दिवशी त्या एकमतानं म्हणाल्या.

माझ्या कुंपणापाशी चार बायका येऊन थांबल्या होत्या. गिरणी बंद झाल्यापासून त्यांचे हाल चालले होते.

"काकू, रागाच्या भरात ठरवू नका," मी कळवळून म्हणाले. "या पॉलिसीतले पैसे नंतर सहजी काढता येत नाहीत. घरी जा, शांतपणे विचार करा."

"विचार झाला," थोरल्या काकूंनी चेकबुक पिशवीतून काढून टेबलावर आपटलं. "तू लिही, मी सही करते. हिच्या आधी माझा चेक गेला पायजे."

"माझा आधी," धाकट्या काकू म्हणाल्या, आणि त्यांचंही चेकबुक आलं.

दोघींनी शेवटी आणखी एक तुकडा पाडला. प्रत्येकीनं थोडी रक्कम तिसऱ्या प्रकारात घातली, मूळ रक्कम वारसाला परत मिळणारी. वारस आपापला मुलगा. पण ती एवढी लहान होती की ऐकून दिगूचा चेहरा पडला. त्यात जेसीबीचा पुढचा दातरा आला असता फार तर. दोघींनी सह्या केल्या, पेनाचं टोपण कुणी लावायचं यावरून पुन्हा थोडं भांडल्या, आणि एक पुढच्या दारानं व दुसरी मागच्या परड्यातून अशा वेगवेगळ्या वाटांनी निघून गेल्या.

मुलगे बसून राहिले. विलास टेबलक्लॉथवरच्या चहाच्या डागाकडे बघत होता.

"बघितलंत ना ताई? एकमेकींना चिडवायला म्हणून आयुष्याची कमाई अडकवून टाकली."

मलाही तसंच वाटलं. कमिशन मिळणार होतं, तरी दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पॉलिसीचे कागद आले. मी ते नेऊन दोघींच्या हातात दिले आणि नियमाप्रमाणे सांगितलं की पसंत नसेल तर पंधरा दिवसांच्या आत सहीनिशी परत करता येतं, पैसे मिळतात. हेच मी विलासला फोनवर सांगितलं, कारण त्यानं सरळ विचारलं आणि मी सरळ उत्तर दिलं. तो म्हणाला, "वाचवलंत ताई. मी आईला समजावतो. दिगूलाही सांगतो."

दुसऱ्या दिवशी दोघी काकू गायब झाल्या.

म्हणजे सांगून गेल्या. थोरल्या काकूंनी विलासला कळवलं की त्या माहेरी उंब्रजला चालल्या आहेत. धाकट्या काकूंनी दिगूला कळवलं की भजनी मंडळाबरोबर गोंदवल्याला चालल्या आहेत. विलासनं उंब्रजला मामाकडे फोन केला. मामा म्हणाला, इकडं कुणी आलं नाही, आणि आली तर मलाही तिला पैशाविषयी दोन शब्द विचारायचे आहेत. दिगूनं भजनी मंडळाच्या बायकांना गाठलं. मंडळ गेले सहा महिने बंदच होतं, पेटीवरून वाद होऊन. वाद कुणाचा, हे दिगूला विचारावं लागलं नाही.

मुदत संपायला तीन दिवस राहिले आणि दोघे भाऊ माझ्याकडे येऊन बसले. घाबरले होते बिचारे. पोलिसांत जावं की नको, अशी चर्चा चालली होती.

"दोघी भांडून एकेकट्या कुठंतरी निघून गेल्या असणार," दिगू म्हणाला. "माझ्या आईला तर एकटीनं एसटीचा दरवाजासुद्धा उघडता येत नाही."

"सापडल्या की आधी सह्या घ्यायच्या," विलास म्हणाला. "ताई, परत करायचा अर्ज तयार ठेवा."

मी अर्ज काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. तेव्हा घरोघरी मोबाइल होते, पण माझं सगळं काम चालायचं ते कोपऱ्यातल्या जुन्या फोनवर. तो तिपाईवर होता. तिपाईच्या एका बाजूला विलास, दुसऱ्या बाजूला दिगू. मी रिसीव्हर उचलला.

"उज्जू!" रिसीव्हरमधून आवाज आला. "आगं, मी बोलतीय!"

मी रिसीव्हर कानात एवढा दाबला की कर्णफूल मानेत रुतलं. पस्तीस वर्षं गिरणीवर मात केलेला तो आवाज. विलासनं डोकं वर केलं.

"अय्या, मावशी!" मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले. "किती दिवसांनी!"

"मावशी कोण? मी थोरली! उज्जू, त्या मुदतीत रविवार धरत्यात का?"

मागून दुसरा आवाज आला. तोही काही कमी नव्हता. "बाई, नीट इचारा! शेवटचा दिवस रविवार आला तर सोमवार लागतो का, असं इचारा!"

"मी इचारतीय न्हवं? तू फोनला हात लावू नको!"

मला काय झालं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. काही आठवड्यांपूर्वी ज्या दोघींमधून मला पेनाचं टोपण काढून घेता आलं नव्हतं, त्या एका फोनपाशी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. आणि मागून एक आवाज येत होता, मोठा, जवळ येऊन मागे जाणारा. क्षणभर मला वाटलं गिरणीच. पण गिरणी तर विकली होती.

"कुठं आहात, मावशी?" मी विचारलं.

"गणपतीपुळ्याला! समुद्र हाय पुढ्यात. उज्जू, किती पाणी गं! ही शेवंता गुडघ्यापतुर आत गेली आन् लुगडं भिजवून आली. आता माझं नेसलीय. ते ऱ्हाऊ दे. रविवारचं सांग."

"कोण मावशी?" विलासनं खुणेनं विचारलं.

"रत्नागिरीच्या," मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले. "लग्न आहे घरात. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ओरडतात."

मग मी रिसीव्हरात म्हणाले, "हो मावशी, रविवारचा मुहूर्त धरतात. पण रविवारी कार्यालय बंद असतं ना. तेव्हा सोमवारचाही धरतील."

थोरल्या काकूंचा आवाज, मागे वळून: "ती म्हणती कार्यालय बंद असतंय."

"मग सोमवार बी सोडा!" धाकट्या काकू म्हणाल्या. "मंगळवार म्हणा!"

"मंगळवारी निघू का, उज्जू?"

"मंगळवारीच निघा, मावशी. त्याआधी गडबड करू नका. इकडे पाहुणे येऊन बसलेत."

"कोण पाहुणे?"

"दोघे."

समुद्र तेवढा चालू होता. मग थोरल्या काकू, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, हळू बोलल्या. "बरे हायत का गं दोघं? जेवली का?"

"ठीक आहेत, मावशी. चहा घेतायत."

"त्यास्नी सांग... न्हाय, नको सांगू. ठेवते."

मी रिसीव्हर आधी उलटा ठेवला, मग उचलून सुलटा ठेवला. दिगूनं मला पाणी आणून दिलं. "लग्नाचं टेन्शन असतंच, ताई," तो म्हणाला. मग मी दोघांना एवढंच सांगितलं की मला निरोप मिळालाय, दोघी सुखरूप आहेत, मंगळवारी संध्याकाळपर्यंत येतील, पोलिसांत जाऊ नका. निरोप कुणी दिला ते मी सांगितलं नाही. विलासनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तो हुशार होता. पण रत्नागिरीच्या मावशीपाशी त्याची गाडी अडली असावी.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघं स्टँडवर उभे होतो. रत्नागिरीची गाडी आली. आधी एक बोचकं उतरलं, मग आंब्याच्या रोपाची कुंडी, मग दोघी काकू, भांडत.

"खिडकी माझी ठरली हुती, जाताना तुला दिली हुती मी."

"तुम्हाला ओकारी येते म्हणून मी उठले, बाई, आन् वर मलाच बोल."

समोर मुलगे दिसले आणि दोघी थांबल्या. दिगूनं आईला मिठी मारली, आणि मग रागावायचं ठरवलं होतं ते आठवून बाजूला झाला. विलास हलला नाही.

"आई, तुम्ही दोघी एकत्र होतात?"

"मग काय एकटी जाऊ समुद्रावर? बुडाले म्हंजे?"

"घरी चला, मग बोलू," धाकट्या काकू म्हणाल्या.

"कुठल्या घरी?" विलासनं विचारलं. "जागा तर सराफाला देऊन झाली."

"आमच्या," धाकट्या काकू म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

घर शनिवार पेठेत होतं. बांगड्यांच्या दुकानावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाड्यानं घेतलेल्या. आत दोन लोखंडी पलंग होते, गॅस होता, आणि पितळी डब्यांची मांडणी नीट लावलेली होती. हे सगळं महिनाभर आधीच झालेलं होतं. मुलांना पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

विलास पलंगावर बसला. "म्हणजे त्या दिवशीचं ताईंकडचं भांडण खोटं होतं?"

"खोटं कशाला?" थोरल्या काकूंना राग आला. "खरंच भांडलो. झबलं तिनंच घेतलं हुतं."

"न्हवतं घेतलं," धाकट्या काकू चुलीपाशी गेल्या. म्हणजे गॅसपाशी.

"मग हे असं का केलंत? सरळ सांगायचं ना."

"सरळ सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?" धाकट्या काकू पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माणसांकडे बघून बोलत होत्या. "तुम्ही चांगली पोरं हाय. दहा दिवस बसून गोड बोलला असता, डोळ्यांत पाणी आणलं असतं, आन् आम्ही सह्या करून दिल्या असत्या. पण आम्ही भांडायला लागलो की मधी कोण पडत न्हाय. हे आम्हाला पस्तीस वर्षं ठावं हाय. वसुलीवाला आला की आम्ही भांडायचो. वजनमापवाला आला की भांडायचो. जातो बिचारा हात जोडून."

दिगू हसला.

"पण आई, पुण्यात काय कमी होतं तुला?" विलासचा आवाज बदलला. "शुभांगी किती करते तुझं. मागच्या दिवाळीला तू आलीस तेव्हा ती एक शब्द तरी उलट बोलली का?"

"तेच तर!" थोरल्या काकू ओरडल्या. "गुणाची पोर हाय. 'हो आई, बरं आई, तुम्ही म्हणाल तसं आई.' चार दिवसांत माझी जीभ जड झाली, इल्या. मी म्हणलं भाजीत मीठ जास्त झालं, तर ती म्हणती 'सॉरी आई'. आता पुढं काय बोलायचं माणसानं?"

"आन् ही म्हणली असती..." थोरल्या काकूंनी थांबून धाकट्या काकूंकडे बघितलं.

"मी म्हणले असते, तुमची जीभच खारट हाय," धाकट्या काकू म्हणाल्या.

"बघ!" थोरल्या काकूंचा चेहरा उजळला. "भांडतो म्हंजे पटत न्हाय, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

खाली बांगड्यांच्या दुकानात कुणीतरी हात भरून घेत होतं, त्याची किणकिण तेवढी वर येत होती.

मीच शेवटी विचारलं. मला राहवलं नाही. "पण काकू, एकीनं सरळ आणि एकीनं चढती का घेतली? ते तरी चिडून घेतलंत ना?"

"तूच शिकवलंस की," थोरल्या काकू म्हणाल्या. "मी तुझ्याकडं संक्रांतीच्या आधी आले हुते, आठवतंय का? दोन बायकांची मिळून एक पेन्शन हुते का, असं इचारलं हुतं. तू म्हणलीस, जावांना न्हाय मिळत."

मला आठवलं. मला तेव्हा वाटलं होतं की त्या शेजारणीसाठी विचारतायत. नंतर आठवडाभरात धाकट्या काकूही आल्या होत्या आणि त्यांनीही सगळे प्रकार तोंडपाठ होईपर्यंत विचारून घेतले होते. थोरल्या काकूंना सांगू नको, असं बजावून गेल्या होत्या.

"कंपनी जोडून देत न्हाय म्हणल्यावर आम्हीच जोडली," धाकट्या काकू म्हणाल्या. "बाईंचं वय जास्त, म्हंजे सरळ घेतली तर त्यांना रक्कम मोठी मिळती. ती आता घर चालवंल. दोघींचं. माझी आज लहान हाय, पण दरसाल चढतीय. पुढं औषधपाणी वाढंल तवा ती लागंल. आन् बाई गेल्या की त्यांची बंद झाली तरी माझी तवर मोठी झालेली असंल. एकटीला किती लागतंय?"

मी मनातल्या मनात आकडे मांडून बघितले. मी मुलांच्या सांगण्यावरून जो तक्ता केला होता, तो या दोघींच्या कामाचा नव्हताच. तो दोन वेगळ्या घरांचा होता. हा एका घराचा होता.

"आणि आमच्यासाठी ते एवढंसं?" दिगूनं विचारलं. तक्रार नव्हती, चिडवल्यासारखं विचारलं.

"ते आमच्यामागं मिळंल," थोरल्या काकू म्हणाल्या. "घाई करू नका." मग त्या एकदम धाकट्या काकूंकडे वळल्या. "पण काय गं शेवंते, बाई गेल्या की, बाई गेल्या की, असं दोनदा म्हणलीस. मीच आधी जाणार हे कुणी ठरवलं?"

"तुम्ही थोरल्या हाय."

"थोरली असले म्हणून काय झालं? बीपी तुला हाय!"

"आन् गुडघे कुणाचे गेलेत?"

विलासनं आईकडे बघितलं, मग काकीकडे. मग त्यानं पलंगावर पाय वर घेऊन भिंतीला पाठ टेकली, जसं माणूस तमाशाला बसतो तसं. "दिगू," तो म्हणाला, "भडंगाचा पुडा आण खालून. हे लवकर संपायचं नाही."

त्या रात्री आम्ही सगळे तिथंच जेवलो. भाजीत मीठ जास्त होतं. कुणीही सॉरी म्हटलं नाही.

विलासनं कर्ज हळूहळू फेडलं. दिगूनं जेसीबी भाड्यानं घेऊन बघितला आणि त्यात तोटा झाल्यावर आईच्या पायाला हात लावून गेला. मुलं सणाला यायला लागली, आणि पुढे पुढे तर सण नसतानाही. शुभांगीसुद्धा दोन-तीन वर्षांत बरीच तयार झाली. एकदा तिनं थोरल्या काकूंना सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं की तुमचं कालवण पाणचट झालंय, तेव्हा काकूंनी कौतुकानं तिला स्वतःची नथ काढून दिली.

थोरल्या काकू ऐंशी ओलांडून गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. त्यांची मोठी पेन्शन थांबली. धाकट्या काकूंची तोवर बरीच चढली होती. हिशोब अगदी त्यांनी मांडला होता तसाच लागला.

दिवसकार्य आटोपल्यावर काही आठवड्यांनी धाकट्या काकू माझ्याकडे आल्या. काम काही नव्हतं. खुर्चीत बसल्या. मी चहा ठेवला. त्यांनी तो घेतला.

"बरा झालाय," त्या म्हणाल्या.

मला भीती वाटली. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या चहाला बरं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. साखर जास्त पडली होती, ते मला स्वतःला कळत होतं. त्या कप हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. डोळे कोरडे, आवाज बारीक. कपातला चहा निवत चालला होता.

मी बाकी कशाची एजंट असेन नसेन, पण त्या घटकेला मला काय करायचं ते सुचलं. मी पदर खोचला आणि म्हणाले, "काकू, एक सांगू का? राग मानू नका. अख्खं कराड म्हणायचं, मसाला कांडावा तर थोरल्या काकूंनी. तुमच्या हाताला ती चव नव्हती."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं असावं, पण ते खाली यायच्या आतच आवाज आला.

"कोण म्हणालं? नाव सांग त्याचं! आगं, लवंग भाजायची कवा हे त्यांना मरेपतुर कळलं न्हाय! मी मागनं धने घालायची म्हणून मसाला खपायचा! आन् तू गं, तू काय बोलतीस, तुला चहा तरी करता येतो का? पाक केलाय नुसता पाक!"

"पाक? मग सगळा प्यायलात कशाला?"

"टाकवत न्हाय म्हणून!"

कुंपणापाशी कुणीतरी येऊन थांबलं. मग आणखी कुणी. अर्धा तास आम्ही बोलत होतो. मी काही फार चांगली भांडत नाही, पण जमेल तेवढं केलं. शेवटी काकूंनी पिशवी उचलली, पायरीवर चपला घातल्या, आणि फाटकापाशी जाऊन मागे वळल्या.

"उद्या येते," त्या म्हणाल्या. "माझं अजून बोलून झालं न्हाय."